सारंगखेड्याची घोडी आणि दडून बसलेला विषाणू



मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली, की आमच्या सारंगखेड्याकडे येणाऱ्या रस्त्यांवर ट्रकांची रांग लागते. ट्रकांत घोडे असतात. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा सुरू होते आणि तिच्याबरोबर तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. या बाजाराला तीनशे-साडेतीनशे वर्षांची परंपरा आहे, असं सांगतात. मारवाडी, काठेवाडी, सिंधी, पंजाबचे पांढरेशुभ्र नुकरा असे सगळे तिथे एका रांगेत बांधलेले दिसतात. अलीकडच्या काळात ‘चेतक महोत्सव’ या नावानं ही यात्रा दूरदूरपर्यंत पोचली आहे. पण माझ्या लहानपणी ती नुसती सारंगखेड्याची जत्रा होती, आणि जिल्हाही नंदुरबार नव्हता. तो १ जुलै १९९८ ला झाला. आम्ही धुळे जिल्ह्याचे.

मी व्यवसायानं पशुवैद्य, आणि पशुवैद्यातही विषाणूंचा अभ्यास करणारा. नोकरीची तीस-बत्तीस वर्षं मुख्यतः एकाच विषाणूच्या मागे गेली. घोड्यांचा हर्पिस विषाणू हा तो. हर्पिस म्हटलं की लोक जरा अवघडतात. पण या कुळाचा एक सभासद आपल्या प्रत्येकाच्या घरी येऊन गेलेला असतो. लहानपणी कांजिण्या झाल्या असतील ना? आणि म्हातारपणी कुणा आजोबांच्या कमरेला किंवा बरगडीवर नागीण उठलेली पाहिली असेल? ही दोन्ही एकाच विषाणूची कामं. आणि घोडीचा गाभ पाडणारा माझा विषाणू हा त्या कांजिण्यांच्या विषाणूचा सख्खा चुलतभाऊ. शास्त्रज्ञ त्यांना एकाच प्रजातीगटात ठेवतात. घाबरू नका, घोड्याचा हा विषाणू माणसाला होत नाही.

मला या शब्दाची गंमत वाटते. हर्पिस हा ग्रीक शब्द, त्याच्या मुळाचा अर्थ सरपटणं. आपला ‘सर्प’ आणि ‘सरपटणे’ही त्याच जुन्या मुळातून आले, असं भाषातज्ज्ञ सांगतात. आयुर्वेदात पसरत जाणाऱ्या त्वचारोगाला विसर्प म्हटलं आहे, आणि आपल्या आज्यांनी तर सरळ नागीणच म्हटलं. म्हणजे ग्रीक वैद्यांना आणि खानदेशातल्या म्हाताऱ्यांना कातडीवर सरकत जाणाऱ्या त्या पुरळात एकच जनावर दिसलं. फक्त ते जनावर बिळात कुठे बसतं, हे त्यांना दिसणं शक्य नव्हतं.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

साल १९६६. मी दहा वर्षांचा. आमच्या घरी चंद्री नावाची घोडी होती. कुमैत रंग, कपाळावर चांदवा. आबांनी म्हणजे माझ्या वडिलांनी ती यात्रेतच घेतली होती. चार एकर कोरडवाहू आणि ही घोडी, एवढाच आमचा बारदाना. लग्नसराईत वरातीला चंद्री जायची, आणि त्या पैशांत आमच्या वह्या-पुस्तकं यायची. त्या वर्षी ती गाभण होती. घोडी अकरा महिने गाभण राहते. शिंगरू झालं की एक पुढच्या यात्रेत विकायचं, असा आबांचा हिशेब होता.

दसऱ्याच्या सुमाराला एक व्यापारी चार घोडे घेऊन गावातून जात होता. रात्र झाली, आबांनी त्याला थांबवून घेतलं. पाहुण्याला भाकरी आणि त्याच्या घोड्यांना आमच्याच गोठ्यात कडबा. सकाळी तो गेला. कार्तिकात एका पहाटे चंद्रीनं गाभ टाकला. मला चांगलं आठवतं, कारण मला कुणी हटकलं नाही आणि मी सगळं पाहिलं. शिंगरू पूर्ण घडलेलं होतं, केस आलेले, वारेत गुंडाळलेलंच पडलं होतं. घोडीला आदल्या दिवशीपर्यंत काही झालेलं नव्हतं. गाभ टाकल्यावरही ती उभी राहून कडबा खात होती.

आदल्या संध्याकाळी तिच्यापुढे कडबा टाकला होता माझ्या काकूनं. काकू विधवा होती, पंचविशीतली. आजी तिला पांढऱ्या पायाची म्हणायची. त्या सकाळी आजीनं ते अंगणात उभं राहून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं. काकूला गोठ्यात जायची बंदी झाली. पुढच्या महिन्यात यात्रेत आबांनी चंद्रीला विकलं. गाभडलेली घोडी म्हणून कुणी किंमत करेना. शेवटी खोगिरासकट गेली. काकू मात्र घरातच राहिली, त्या गोठ्याच्या वाटेकडे न पाहता.

मी पशुवैद्य झालो त्याच्यामागे ही घटना होती, असं म्हणणं खोटं होईल. माझे गुण बेताचे होते आणि परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात जागा मिळाली, हे खरं कारण. ते महाविद्यालय १८८६ सालचं, देशातल्या जुन्यांपैकी. तिसऱ्या वर्षाला घोड्याच्या रोगांचा तास चालला होता. सर सांगत होते, “गर्भपात गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत होतो. घोडीत आधी काही लक्षण दिसत नाही. गर्भ ताजा असतो, पुष्कळदा वारेसकट बाहेर येतो.” मी लिहायचा थांबलो. सर दसऱ्याच्या त्या पाहुण्याबद्दलही बोलले. म्हणजे तसं नाही, पण ते म्हणाले की बाहेरून आलेला घोडा हा नेहमीचा स्रोत, आणि संसर्गापासून गर्भपातापर्यंत काही आठवडे ते काही महिने जाऊ शकतात. मग मी त्या वहीत पुढे काहीच लिहिलेलं नाही. वही अजून आहे.

१९३० च्या दशकात अमेरिकेतल्या केंटकी राज्यात घोड्यांच्या मोठमोठ्या पागांमधून हा आजार प्रथम नीट ओळखला गेला. बरीच वर्षं तो एकच विषाणू आहे असं मानलं गेलं. काही घोड्यांना सर्दी-खोकला देणारा आणि काहींचा गाभ पाडणारा. १९८० च्या दशकात विषाणूचा डीएनए ठरावीक जागी कापून त्याच्या तुकड्यांची तुलना करायची सोय झाली, तेव्हा कळलं की हे दोन वेगळे विषाणू आहेत. पहिला प्रकार, ज्यानं गाभ पडतो, कधी घोड्याचे मागचे पायही लुळे पडतात. आणि चौथा प्रकार, जो बहुतांशी शिंगरांच्या सर्दीवर थांबतो. मी नोकरीला लागलो तेव्हा ही ताजी बातमी होती. आणि आमच्यापुढचा प्रश्नही तोच होता. समोरच्या नमुन्यात पहिला आहे की चौथा? शिंगराच्या सर्दीनं मालकाची आठवडाभर गैरसोय होते. पहिल्या प्रकारानं त्याचं वर्ष बुडतं.

त्या काळची आमची पद्धत ऐकाल तर आज हसू येईल. गाभडलेल्या शिंगराचं यकृत, फुप्फुस आणि प्लीहा यांचे तुकडे बर्फात घालून आणायचे. यकृतावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसले, तर संशय पक्का होत जायचा. मग तो लगदा सशाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींवर टाकायचा आणि वाट पाहायची. विषाणू असेल तर तीन-चार दिवसांत, कधी आठवड्यानं, पेशी फुगून गोल होतात आणि द्राक्षाच्या घोसासारख्या एकमेकींना चिकटतात. ते पाहायला मी रात्री दोनला उठून प्रयोगशाळेत गेलेलो आहे. पण बर्फ वाटेत वितळला की विषाणू मरायचा आणि पेशी जशाच्या तशा राहायच्या. आमचा अहवाल जायचा, ‘विषाणू आढळला नाही’. खरं तर तो आम्ही वाटेत मारलेला असायचा.

बर्फाचं सांगतो. एका वर्षी यात्रेत एका घोडीनं गाभ टाकल्याचं कळलं. मी सुटीवर गावी होतो. नमुना घ्यायला कुपी होती, चाकू होता, बर्फ नव्हता. सबंध यात्रेत बर्फ मिळाला तो एका मासळीवाल्याकडे. त्यानं कारण विचारलं, मी सांगितलं. त्यानं पैसे घेतले नाहीत, पण एक अट घातली. मासळीच्या पेटीतला बर्फ देईन, पण पेटी परत आणून द्यायची नाही. थर्मासात तो बर्फ, दोंडाईच्याहून रेल्वे, आणि डब्यात शेजारी बसलेल्या सर्व प्रवाशांना तो वास. त्या नमुन्यातून विषाणू वाढला. माझ्या नोकरीतला तो पहिला स्वतः आणलेला आणि स्वतः वाढवलेला विषाणू, आणि तो सारंगखेड्याचा.

रक्ताची तपासणी सोपी होती, पण तिच्यात एक खोट होती. रक्तात विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली, म्हणजे हा घोडा केव्हातरी त्याला भेटला आहे, एवढंच कळतं. आज भेटला की पाच वर्षांपूर्वी, ते कळत नाही. म्हणून दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा रक्त घ्यायचं आणि प्रमाण चौपट वाढलं का ते पाहायचं. आता तुम्हीच सांगा, यात्रेतला घोडा तीन आठवड्यांनी कुठे सापडणार? तो तेव्हा सोलापूरला वरातीत नाचत असतो नाहीतर गुजरातेत कुणाच्या वाड्यात बांधलेला असतो. शिवाय पहिला आणि चौथा इतके सारखे, की एकाची प्रतिद्रव्यं दुसऱ्यालाही ओ देतात. त्या दोघांना रक्तातून वेगळं करणाऱ्या चाचण्या पुढे १९९० च्या दशकात आल्या.

याच सुमाराला पीसीआर आली. २०२० नंतर हा शब्द घरोघरी पोचला, त्यामुळे मला समजावून सांगायचं काम कमी झालं. अमेरिकेतल्या कॅरी मुलिस यांना १९८३ साली ही युक्ती सुचली आणि १९९३ साली तिला नोबेल मिळालं. विषाणूच्या डीएनएच्या एका छोट्या तुकड्याची नक्कल करायची, मग नकलांची नक्कल. एका तुकड्याचे दोन, दोनाचे चार. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींवर होतात. प्रत्येक फेरीत नमुना चौऱ्याण्णव-पंच्याण्णव अंशांपर्यंत तापवावा लागतो. एवढ्या उष्णतेत न मरणारं विकर हवं, ते मिळालं अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत राहणाऱ्या एका जिवाणूकडून. आमच्याकडे यंत्र यायला वेळ होता. तोवर आम्ही पाण्याच्या तीन टाक्या तीन तापमानांना ठेवल्या, आणि मी व माझा सहकारी स्टॉपवॉच घेऊन नळ्या एकीतून दुसरीत बुडवत बसायचो. तीन तास. मध्ये कुणी चहाला बोलावलं, तर एकानंच जायचं.

या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे विषाणू जिवंत असायची गरज नाही. बर्फ वितळला तरी त्याचा डीएनए बहुधा टिकतो. घोड्याच्या नाकात लांब काडीचा कापूस फिरवून आणला तरी चालतो. पहिला प्रकार की चौथा, ते त्याच दिवशी सांगता येतं. मला वाटलं, आता काही उरलं नाही. आणि याच खुशीत मी माझ्या नोकरीतली सर्वांत मोठी चूक केली.

ही गोष्ट मी आजवर सेमिनारमध्ये सांगितली नाही. यात्रेच्या आधी एका घोडेमालकानं आपल्या तीन घोड्यांच्या नाकातले नमुने आणून दिले. शिकलेला माणूस होता, स्वतःहून आला होता. त्यातल्या एका घोडीचा अहवाल मी दिला, ‘पहिला प्रकार आढळला’. खाली सही, शिक्का. त्यानं घोडी यात्रेत नेली नाही, हे बरोबर केलं. पण बातमी फुटली. दारावर दलाल आले आणि घोडी चौथाई किमतीत घेऊन गेले. महिन्याभरानं मी ते जुने फोटो पुन्हा पाहत होतो. पीसीआर करताना एका नळीत नमुना न घालता नुसतं पाणी घालतात. त्या नळीत काहीही दिसता कामा नये. माझ्या फोटोत त्या पाण्याच्या नळीतसुद्धा एक पट्टी होती. अगदी फिकट, पण होती. म्हणजे आधीच्या प्रयोगांत तयार झालेले कोट्यवधी तुकडे आमच्याच खोलीच्या हवेत, पिपेटवर, माझ्या हातमोज्यांवर होते. मला जे सापडलं, ते घोडीच्या नाकातलं नव्हतं. उरलेला नमुना दुसरीकडे तपासून घेतला. त्यात काहीही नव्हतं.

मी त्या माणसाकडे गेलो. पत्र लिहून भागणार नव्हतं. त्यानं ऐकून घेतलं, चहा दिला, आणि म्हणाला, “साहेब, कागदावर शिक्का होता ना?” एवढंच. भांडला असता तर बरं झालं असतं. घोडी कुठे गेली, त्याला माहीत नव्हतं. दलालालाही नव्हतं.

त्यानंतर आमच्याकडे नमुना उघडायची खोली वेगळी झाली, नकला तयार करायची वेगळी, आणि या खोलीतला कोट त्या खोलीत जाणं बंद झालं. तरुण मुलं कुरकुरायची. प्रत्येक अहवालाआधी पाण्याच्या नळीचा फोटो माझ्या टेबलावर यायचा. त्या काळात माझ्याशी काम करणाऱ्यांना मी खडूस वाटत असेन, तर तसा मी होतोच.

पुढे नव्या पद्धतीत नळी न उघडता यंत्रातच प्रकाश मोजून निकाल मिळू लागला, त्यामुळे हा धोका पुष्कळ कमी झाला. तिचा आणखी एक उपयोग झाला. विषाणू आहे का, याबरोबर किती आहे, हेही कळू लागलं. कोविडच्या दिवसांत लोक सीटी व्हॅल्यू विचारायचे, तीच ही. घोड्यांच्या हर्पिसमध्ये तिचं मोल फार, कारण हा विषाणू झोपून राहतो. एकदा झालेल्या घोड्याच्या शरीरातून तो कधीच पूर्ण जात नाही. डोक्यातल्या एका मज्जागंडात आणि रक्ताच्या पांढऱ्या पेशींत दडून बसतो. घोडा धडधाकट दिसतो, असतोही. मग दोन दिवस ट्रकमधून हादरत प्रवास, नवी जागा, ढोल-ताशे, रात्रीचे दिवे, अपुरी झोप. अंगावर ताण आला की विषाणू जागा होतो, आणि कदाचित एक शिंकही न देता तो घोडा शेजारच्याला प्रसाद देतो. यात्रा ही या विषाणूची सगळ्यात आवडती जागा. हे फक्त आपल्याकडचं नाही. २०२१ साली स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला घोड्यांच्या मोठ्या स्पर्धेत हा विषाणू शिरला, लुळे पडून घोडे दगावले, आणि युरोपातल्या अनेक देशांतल्या स्पर्धा थांबवाव्या लागल्या. तिथे तबेल्यांना पंखे होते, डॉक्टर होते, प्रत्येक घोड्याचा पासपोर्ट होता.

घोडा लुळा पाडण्याबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. या विषाणूच्या डीएनएत सुमारे दीड लाख अक्षरं आहेत. १९९२ साली ती सगळी वाचून झाली. २००६ साली असं दिसून आलं, की लुळेपणाच्या साथींतल्या बहुतेक विषाणूंमध्ये एका ठिकाणी एकच अक्षर बदललेलं आहे. दीड लाखांत एक! मात्र हा बदल नसलेल्या विषाणूनंही घोडे लुळे पडलेले आहेत, त्यामुळे त्या एका अक्षरावर कुणाचा निकाल लावू नये, असं माझं मत आहे. नव्या मुलांना यंत्राच्या पडद्यावरची खूण म्हणजे देवाचा कौल वाटतो. मी त्यांना घोडा बघून यायला सांगतो.

यात्रेत नमुने घेणं सोपं नाही. २००६ साली महाराष्ट्रात, पुणे आणि पाचगणीकडे, घोड्यांमध्ये ग्लँडर्स हा जिवाणूचा रोग पुन्हा दिसला. तो माणसालाही होतो आणि त्यात बाधित घोडा मारावाच लागतो, कायदाच तसा आहे. तेव्हापासून कापूस लावलेली काडी पाहिली तरी मालक घोडा फिरवून उभा करतात. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. दोन-तीन लाखांचं जनावर, कर्ज काढून घेतलेलं. त्यांना मी समजावतो, हर्पिस सापडला म्हणून घोडा मारत नाहीत. वेगळा बांधायचा, दाणा-पाण्याची बादली वेगळी ठेवायची, तीन आठवडे. बरा होतो. गाभण घोडीसाठी तर लसही आहे. हरियाणात हिसारला १९८६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रानं भारतातच मिळालेल्या विषाणूपासून मारलेली लस बनवली, इक्विहर्पाबॉर्ट नावाची. अशा लसी गाभणपणाच्या पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात द्यायची पद्धत आहे. लस म्हणजे कवचकुंडलं नव्हेत, पण साथीचा जोर ओसरतो.

आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. या विषाणूनं गाभडलेली घोडी वांझ होत नाही. बहुतेक वेळा पुढच्या हंगामात ती पुन्हा नीट गाभण राहते आणि चांगलं शिंगरू देते. ती कवडीमोलानं विकू नका.

हे सांगताना अर्थातच मला चंद्री आठवते.

२००८ साली काकूला नागीण झाली. बरगडीवर, डाव्या अंगाला. निरोप आला तसा मी गावी गेलो. घरात एक म्हातारे गृहस्थ गेरूनं पुरळाभोवती रेघ ओढत होते. नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस जातो, ही समजूत तुम्हीही ऐकली असेल. ती रेघ पुसायची नाही, असं मी ठरवलं. गावातल्या डॉक्टरांशी बोललो आणि असायक्लोव्हिरच्या गोळ्या लगेच सुरू करवल्या. पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू केल्या, तर चांगला गुण येतो. रेघ आणि गोळ्या दोन्ही चालू राहिल्या. श्रेय कुणाला गेलं, ते सांगायला नको.

काकू विचारत होती, हे आलं कुठून? मी तिला सांगितलं. लहानपणी तुला कांजिण्या झाल्या असतील ना, तोच विषाणू इतकी वर्षं मणक्याजवळच्या मज्जांत झोपला होता. इंग्लंडमधल्या एका लहान गावातले डॉक्टर होप-सिम्पसन यांनी आपल्या रोग्यांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवून १९६५ साली हे मांडलं होतं. अर्थात हे नाव मी काकूला सांगितलं नाही. मग बोलता बोलता चंद्रीचं निघालं. कसं निघालं आठवत नाही, बहुधा मीच काढलं. दसऱ्याचा तो व्यापारी, त्याचे चार घोडे, आपल्याच गोठ्यातला कडबा, आणि सव्वा-दीड महिन्यानं पडलेला गाभ, हे सगळं मी तिला जोडून दाखवलं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हंजे मन्हा पायमुये नही?”

मी म्हटलं, “नाही काकू.”

“पक्कं?”

श्रोतेहो, घोडीचा गाभ पडायला दुसरीही कारणं असतात. काही जिवाणू आहेत, जुळी शिंगरं असतात, नाळेला पीळ पडतो. १९६६ चा नमुना नाही. यकृतावरचे ठिपके कुणी पाहिले नव्हते, मी तर दहा वर्षांचा होतो. माझ्या हाताखालच्या कुणी असा अहवाल टेबलावर आणला असता, तर मी तो परत पाठवला असता. पाण्याच्या नळीचा फोटो कुठे आहे, असं विचारलं असतं.

मी म्हटलं, “पक्कं.”

तिनं पदर सावरला आणि गोठ्यात कोण आहे सध्या, म्हणून विचारलं. एक म्हैस होती. तिला कडबा घातला का, ते पाहून ये म्हणाली. थोड्या वेळानं, मी परत यायच्या आत, ती स्वतःच उठून तिथे आली होती.

यंदाच्या यात्रेला गेलात आणि घोडा घ्यायचा विचार असेल, तर दात पाहा, चाल पाहा, भोवरे पाहायचे असतील तर तेही पाहा. खिशात एक थर्मामीटर मात्र असू द्या. साधारण १०१.५ फॅरनहाइटच्या वर ताप असेल, तर तो घोडा कितीही देखणा असो, त्या दिवशी घेऊ नका. आणि घरी नेलेला नवा घोडा तीन आठवडे तुमच्या गाभण घोडीपासून दूर, वेगळ्या जागी बांधा. नाक वाहतंय असं वाटलं, तर जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा. नमुना पाठवायची सोय तिथून होते. आता मासळीचा बर्फ लागत नाही.